आंबा, चिकू, लिंबाच्या आळ्यात पाचट: थर किती, बुंध्यापासून अंतर किती?

वडणगे_मळा

जमीन कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातली, काळी आणि भारी. पाच वर्षांचे केशर आंबे १२ (पसारा १२-१३ फूट), चिकू ६, नारळ ४, कागदी लिंबू २. ठिबक आहे, झाडाला दोन ड्रीपर, दोन्ही बुंध्याला लागूनच. ऊस तुटला की पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, भरपूर पडतं. ते यंदा पेटवणार नाही, झाडांच्या आळ्यात टाकायचं आहे. शंका अशा:

थर किती जाड द्यायचा? आमच्याकडे बहुतेक जण बुंध्याशी ढीग लावतात, ते बरोबर आहे का? पाचटामुळे वाळवी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे? कुजताना नत्र ओढून घेतं, मग वरून युरिया टाकावा का? पावसाळ्यात ठेवायचं की काढायचं? गुऱ्हाळावरचं चिपाड (रस काढलेल्या उसाचा चोथा) आणि कारखान्याचं प्रेसमडही (रस गाळून उरलेली मळी) मिळतं, ते चालेल का?

आणखी एक, एका लिंबाच्या बुंध्यातून डिंक येतोय. त्याच्या आळ्यात पाचट टाकू की नको?

बागायत_करवीर

बुंध्याशी ढीग लावणं आधी बंद करा, बाकीचं नंतर. आच्छादन हे मुळांसाठी असतं. खोडाच्या सालीला कोरडेपणा लागतो. तिला महिनोन् महिने ओलं पाचट टेकून राहिलं की साल मऊ पडते, खालून कुजते आणि बुरशी आत शिरते. वरून झाड हिरवंगार दिसत असतं. मग कधीतरी एका बाजूची फांदी एकाएकी वाळते आणि उकरून बघावं तर बुंध्याची निम्मी साल गेलेली असते. दुसरं नुकसान याहून सावकाश होतं. ओल्या ढिगात खोडालाच मुळं फुटतात, ती बाहेर पसरायचं सोडून खोडाभोवती गोल फिरतात, आणि खोड जाड होत गेलं की त्याच मुळांचा खोडाला फास बसतो. उंदीर-घुशींना आडोसा मिळतो तो वेगळाच.

तुमच्या आंब्याला आणि चिकूला बुंध्याभोवती वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंमी जागा उघडी ठेवा. नवीन कलम असेल तर १० सेंमी पुरे, जुन्या मोठ्या झाडाला फूटभर. बाहेरची हद्द फांद्यांच्या टोकाखाली, जिथे पावसाचं पाणी ठिबकतं तिथपर्यंत. जमलं तर अजून फूटभर पुढे. पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळं त्या पट्ट्यात जास्त असतात, बुंध्याला चिकटून नसतात. म्हणजे एकूण आकार पसरट ताटासारखा झाला पाहिजे. तुमच्याकडे पाचट जास्त आहे म्हणून उंची वाढवू नका, रुंदी वाढवा.

जाडी: सुटं पाचट टाकताना ६ इंच टाका. दीड-दोन महिन्यांत ते बसून ३ इंचांवर येतं आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. काळ्या जमिनीत हवा मुळात कमी खेळते, त्यावर फूटभर थर दिला तर खालची मुळं गुदमरतात, मग ती वर चढून पाचटातच पसरतात. अशी वरची मुळं उन्हाळ्यात थर उघडा पडला की आधी मरतात.

हिशोब सोपा आहे. पसारा १३ फूट म्हणजे त्रिज्या साधारण २ मीटर. मधली उघडी जागा वजा करून क्षेत्र १२ चौरस मीटरच्या आसपास येतं. चौरस मीटरला दीड ते दोन किलो वाळलं पाचट धरा, म्हणजे झाडाला २० ते २५ किलो. एकरी पाचट ३ ते ४ टन निघतं. तुमची सगळी झाडं मिळून आठ-दहा गुंठ्यांचं पाचट पुरेल. बाकीचं खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाच्या, सरीतच राहू द्या.

टाकण्याआधी आळ्यातलं गवत खुरप्याने वरच्यावर काढा. टिकाव-कुदळ लावायची नाही, काळ्या जमिनीत वरच्या अर्ध्या फुटातच मुळांचं जाळं असतं. मग बुंध्याची माती बोटांनी बाजूला करून बघा. खोड खाली गेल्यावर थोडं रुंदावतं आणि तिथून पहिली जाड मुळं फुटतात. तो रुंद भाग मातीच्या पातळीला उघडा दिसला पाहिजे. दरवर्षी भर घालून घालून बहुतेक झाडांचा हा भाग चार-सहा इंच गाडला गेलेला असतो. ती माती आधी काढा, कलमाचा जोडही मातीच्या वर येऊ द्या. त्यानंतर एकदा भरपूर पाणी द्या आणि वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी झाली, की पाचट पसरा. कोरड्या जमिनीवर टाकलं तर आच्छादन कोरडेपणाच धरून ठेवतं, वरचं हलकं पाणी ते स्वतःच पिऊन टाकतं.

लांब पाती उभी-आडवी अशा दोन दिशांनी टाका, एकमेकांत अडकतात आणि वाऱ्याने उडत नाहीत. कुट्टी केलेलं असेल तर लवकर बसतं, पण लवकर संपतंही.

हरळी असेल तर पाचटाखाली पुठ्ठ्याचा एकच थर द्या. चिकटपट्टी आणि पिना काढून, कडा वीतभर एकमेकांवर घेऊन, आधी भिजवून. बुंध्यापासून फूटभर लांब. लव्हाळ्याला मात्र पुठ्ठ्याचा काही उपयोग होत नाही, त्याचा कोंब भोक पाडून वर येतो.

नत्राचं म्हणाल तर ती भीती पाचट मातीत मिसळलं तर खरी. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं, त्यामुळे कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र उचलतात. नुसतं वर पसरलं तर हा प्रकार माती आणि पाचट जिथे भिडतात त्या पातळ थरातच होतो. खालच्या मुळांना त्याचा फरक पडत नाही. आळ्यात मेथी-कोथिंबीर लावली असेल तर ती पिवळी पडेल, आंबा नाही. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो जीवाणू संवर्धक हे प्रमाण तुम्ही ऐकलं असेल. ते खोडव्यात पाचट लवकर कुजावं म्हणून आहे. आपल्याला आळ्यात ते टिकायला हवंय, म्हणजे नेमकं उलटं. झाडाचं नेहमीचं खत द्यायचं तेव्हा पाचट सरकवा, खत मातीवर टाकून पाणी द्या, पाचट परत ओढा. पाचटावर फेकलेला युरिया निम्मा हवेतच जातो असं समजा.

वेळ मात्र झाडागणिक वेगळी आहे आणि इथेच बरेच जण फसतात. चिकू आणि नारळाला पावसाळा सरला की ऑक्टोबरातच टाका, जमीन भेगाळायच्या आत. फळावर आलेल्या आंब्याला काळ्या जमिनीत ऑक्टोबरात टाकू नका. मोहोर यायला त्याला थोडा कोरडा काळ लागतो. ओल टिकली तर तो पालवी काढत बसतो. फळं वाटाण्याएवढी झाली की मग पाणी आणि पाचट एकदम सुरू करा. लिंबाला बहारासाठी ताण देणार, म्हणजे पाणी तोडणार असाल तर तेवढा काळ आच्छादन बाजूला.

पावसाळ्यात काढून टाका.

शाहूवाडी_डोंगरकाठ

वरचं सगळं मान्य, शेवटचं वाक्य सोडून. पावसाळ्यात आच्छादन काढायचा सल्ला अख्ख्या जिल्ह्याला देता येणार नाही. पूर्वेचं शिरोळ आणि पश्चिमेचं गगनबावडा यांच्या पावसात जवळजवळ दहापटीचा फरक आहे. आमच्या पश्चिमेकडच्या तांबड्या, उताराच्या जमिनीत जूनच्या आधी आच्छादन काढलं तर दोन जोरदार सरींत आळ्याची माती खाली ओढ्यात जाते आणि मुळं उघडी पडतात. इथे पावसाळ्यातच त्याची खरी गरज असते, थेंबाचा मार ते झेलतं.

उतारावर गोल आळं करायचंच नाही. झाडाच्या खालच्या अंगाला दगडांचा किंवा मातीचा अर्धचंद्र बांध घाला, दीड-दोन फूट रुंद आणि वीतभर उंच. पाचट किंवा पालापाचोळा त्या अर्धचंद्रात टाका. वर आडव्या बारीक फांद्या ठेवा म्हणजे वाहून जात नाही. एक लक्ष मात्र ठेवायचं: वरच्या अंगाने वाहून आलेली माती आणि पाचट खोडाला येऊन टेकतं. जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरवड्याला ते काढावं लागतं.

गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) बांधावर असेल तर पावसाळ्यात त्याचा पाला पाचटावर टाका. तो पटकन कुजतो आणि नत्रही देतो. नुसत्या पाचटात जे नाही ते त्यातून येतं.

बागायत_करवीर

बरोबर, 'काढून टाका' हे सरसकट लिहायला नको होतं. मी करवीर, हातकणंगले, शिरोळच्या सपाट काळ्या रानाचं बोलत होतो. तिथेही पूर्ण काढायची गरज नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात बुंध्याभोवतीची उघडी जागा दुप्पट करा, थर दीड-दोन इंचांवर आणा, उरलेलं दोन ओळींच्या मधे टाका. आळ्याची कड एका बाजूने फोडून पाण्याला वाट द्या. पाणी २४ तासांहून जास्त आळ्यात तुंबत असेल तर आच्छादनाचा विचार नंतर करा, आधी चर काढा.

नदीकाठच्या रानात पूर येतो तिथे पाचट तरंगून जातं आणि कुठल्या तरी एकाच झाडाला येऊन अडकतं. पूर ओसरल्यावर गाळासकट ते बुंध्यापासून लगेच काढलं पाहिजे. गाळाचा थर तसाच राहिला तर खालची मुळं हवेला मुकतात.

कागल_रोपवाटिका

वाळवी, हुमणी आणि चिपाड, तीनही गोष्टींवर लिहितो.

वाळवी मेलेलं खाते. पाचट तिचं खाणंच आहे, त्यामुळे दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. सशक्त झाडाला ती सहसा हात लावत नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी: मुरमाड माळावर लावलेली नवीन कलमं, आणि बुंध्याला टेकलेलं कोरडं पाचट, कारण त्याच्या आडून ती मातीचे पट्टे करत सालीवर चढते. बुंधा उघडा असला की हे पट्टे लगेच दिसतात. दिसले की खरवडून टाका आणि आत साल मेलेली आहे का बघा. लाकडाचे ओंडके, जुने बांबू आळ्यात ठेवू नका.

हुमणीचं खापर पाचटावर फुटतं, पण तिला ओढून घेतं ते अर्धकच्चं शेणखत. वळवाच्या पहिल्या पावसानंतर, मे-जूनमध्ये भुंगेरे जमिनीतून निघतात, संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर पाला खायला बसतात आणि पहाटे जमिनीत शिरून अंडी घालतात. अळी सुरुवातीला कुजकं खाते, मग मुळांकडे वळते. म्हणून पाचटाखाली ताजं शेण अजिबात नको, टाकायचं तर पूर्ण कुजलेलं. त्या काळात संध्याकाळी साडेसात ते नऊ प्रकाश सापळा लावा, फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाका. ऊस शेजारीच असल्यामुळे हे तुम्हाला पाचट असो-नसो करावंच लागणार.

नारळाला वेगळी काळजी लागते. गेंड्या भुंग्याची अळी कुजक्या ढिगात वाढते. नारळाच्या आळ्यात थर पातळ ठेवा आणि महिन्यातून एकदा दाताळ्याने खालीवर करा. पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या दिसल्या की वेचून मारा. नारळाला पाचटापेक्षा त्याचीच सोडणं (नारळ सोलून निघालेल्या जाड साली) उत्तम. बुंध्यापासून दीड-दोन फूट सोडून सहा फुटांपर्यंत एक थर लावा, पालथी, म्हणजे फुगीर बाजू वर. उताणी ठेवली तर त्यात पाणी साचून डास होतात. खड्ड्यात गाडायची असतील तर मात्र उताणी गाडतात, पाणी धरून ठेवण्यासाठी.

गुऱ्हाळावरचं ताजं चिपाड नको. त्यात साखर राहिलेली असते, आंबूस वास येतो, मुंग्या आणि माश्या जमतात. एक पावसाळा उघड्यावर पडलेलं, काळपट झालेलं चालेल, पण दोन इंचांच्या वर नाही. बारीक चिपाड वाळलं की त्याचा पापुद्रा तयार होतो आणि त्यावरून पाणी घरंगळतं. वखारीतल्या भुशाचंही तेच. गुऱ्हाळाची राख काळ्या जमिनीत टाकू नका, जमीन आधीच विम्लतेकडे (अल्कलीकडे) झुकलेली असते. प्रेसमड हे आच्छादन नव्हे, खत आहे. ताजं असताना ते गरम होतं, मुळं भाजतात. जुनं झालेलं इंचभर टाकून त्यावर पाचट ओढा.

भाताचं पिंजर चांगलं, पण ते जनावरांच्या तोंडातलं काढून झाडाला कोण घालणार? तूस हलकं असतं, वाऱ्याने उडतं आणि पाण्यावर तरंगतं, एकटं वापरू नका. भुईमुगाच्या टरफलात दाणे राहिले की उंदीर आलेच.

आणि पाचटात हात घालून काम करू नका. घोणस अशाच जागी बसते. आधी काठीने वाजवा, दाताळ्याने ओढा, पायात गमबूट असू द्या.

वडणगे_मळा

चांगली माहिती मिळाली. ठिबकची नळी पाचटाखाली घ्यायची की वर? आणि पाणी किती कमी करायचं? उन्हाळ्यात आगीची भीती वाटते, शेजारी बांध पेटवतात.

बागायत_करवीर

नळी खाली, मातीवर. वर ठेवली तर थोडं पाणी पाचटच शोषतं. पण आधी ड्रीपर बुंध्यापासून हलवा. पाच वर्षांच्या आंब्याला बुंध्यापासून साडेतीन-चार फुटांवर नळीचं गोल कडं करून त्यावर चार ड्रीपर बसवा. आत्ता तुमच्याकडे बुंधा रोज ओला होतोय आणि मुळं जिथे आहेत ती जागा कोरडी राहतेय. प्रत्येक ड्रीपरजवळ एक काडी खोवून ठेवा, पंधरा दिवसांनी तपासताना शोधाशोध होत नाही. उंदीर नळी कुरतडतात, तेही त्याच वेळी बघा.

पाण्याचा आकडा देण्यात अर्थ नाही, हाताने बघा. पाचट सरकवून वीतभर खोलीची माती घ्या आणि मुठीत दाबा. गोळा होऊन चकाकला तर पाणी नको. गोळा होतोय पण टिचकीने फुटतोय, तर उद्या-परवा द्या. गोळाच होत नसेल तर उशीर झाला. आच्छादनाखाली जमीन वाटते त्यापेक्षा ओली असते. जुन्याच वेळापत्रकाने पाणी देत राहिलात तर काळ्या जमिनीत पानं पिवळी पडतात, आणि लोक ती नत्राची कमतरता समजून खत वाढवतात.

आगीसाठी बांधापासून दीड-दोन मीटर पट्टा पूर्ण मोकळा ठेवा, आणि दोन झाडांमधलं पाचट एकमेकांना जोडू नका. मार्च ते मे बांधालगतच्या झाडांना पाचटावर दोन-चार पाट्या माती विस्कटून टाकली तरी चालते.

राजारामपुरी_गल्ली

शेतातलं नाही, पण इथेच विचारते. आमच्या सोसायटीत कडुलिंब, बकुळ आणि एक आंबा आहे. पेव्हर ब्लॉक अगदी खोडापर्यंत आलेत. आता सभासदांना बुंध्याभोवती पार बांधून त्यात माती भरायची आहे आणि वर झाडांची पानं टाकायची आहेत. चालेल का?

कागल_रोपवाटिका

पार नको, ताई. वड-पिंपळाला खोडावरून नवी मुळं फुटतात म्हणून ते पारात तग धरतात. आंबा, कडुलिंब, बकुळ यांच्या खोडाशी दीड फूट माती भरली तर साल कुजते आणि जुन्या मुळांना हवा मिळत नाही. उलट पेव्हर खोडापासून किमान एक मीटरपर्यंत काढा. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली हेच एक मीटर अंतर सांगितलं होतं. पेव्हर हाताने काढा, ब्रेकर लावू नका. खाली सिमेंटचा कोबा असेल तर तोही निघाला पाहिजे. त्याखालची घट्ट माती हातकाट्याने वरवर मोकळी करा, जाड मूळ लागलं की तिथे थांबा.

मग वाळलेली पानं चुरून दोन-तीन इंच थर द्या, खोडापासून वीतभर लांब. अख्खी ओली पानं एकावर एक चिकटून कागदासारखी बसतात, म्हणून चुरणं गरजेचं. काठाला एक वीट आडवी लावली की पानं पार्किंगमध्ये येत नाहीत. वाहनं धुतलेलं साबणाचं पाणी मात्र तिकडे वळू देऊ नका.

शाहूवाडी_डोंगरकाठ

त्यात गोगलगायींचा मुद्दाही धरा. पावसाळ्यात आच्छादनाखाली शंखी गोगलगाई लपतात आणि रात्री कोवळी पालवी खातात. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी झाडाजवळ ठेवा, सकाळी खाली जमलेल्या गोगलगाई गोळा करून साबणाच्या पाण्यात टाका. उघड्या हाताने धरू नका.

बागायत_करवीर

लिंबाचा डिंक राहिला. वर्णनावरून तो डिंक्या वाटतो, मातीतल्या बुरशीचा. बुंध्याला लागून असलेला ड्रीपर त्याचं कारण असू शकतो. त्या झाडाला सध्या पाचट नको. बुंध्याची माती पहिली मुळं दिसेपर्यंत बाजूला करा. डिंक येतोय तिथली तपकिरी मेलेली साल धारदार चाकूने, निरोगी साल लागेपर्यंत खरवडा. निघालेला भाग आळ्यात टाकू नका, जाळा.

मग बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद ५ लिटरमध्ये प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर विरघळू द्या. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको. चुना वेगळ्या ५ लिटरमध्ये विरवून, निवल्यावर गाळून घ्या. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता आणि ढवळत राहा. लोखंडी चाकू मिनिटभर बुडवून काढा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. त्याच दिवशी वापरा, उरलेलं दुसऱ्या दिवशी लावू नका. दोन झाडांना एवढं लागणार नाही, दहावा हिस्सा केलात तरी पुरे. बुंध्यापासून तीन फूट उंचीपर्यंत ब्रशने लावा, एकदा पावसाआधी आणि एकदा पाऊस संपल्यावर. दुसऱ्या लिंबालाही लावून घ्या.

दोन्ही लिंबांना दुहेरी आळं करा. आतलं कडं बुंध्यापासून दीड फुटावर, त्याच्या आत मातीचा उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाणी खोडाकडे येणार नाही. मात्र ती माती खोडावर चढवायची नाही. ड्रीपर आणि पाचट फक्त दोन कड्यांच्या मधे. डिंक थांबून जखमेच्या कडेने नवी साल आत सरकताना दिसली की आजारी झाडाला पाचट टाका, त्याआधी नाही.